आमच्या समक्ष

उंबरठ्यावर टेकवलेला पाय जगदेवनं उचलला आणि हळूच मागं घेतला. चौकटीत कडुलिंबाचा डहाळा खोचलेला होता, त्याखाली जुनी वहाण उलटी टांगलेली, आणि आतल्या अंधारातून ओव्या-शेपेच्या धुरीचा वास येत होता.

"सोयर हाय काय जी घरात?" त्यानं विचारलं.

"सून बाळंतीण हाय. आज चवथा दिस," दारातली म्हातारी म्हणाली. रुखमाबाई तिचं नाव. हातभर हस्तिदंती बांगड्या, कपाळापर्यंत ओढलेली ओढणी.

मागून झडतीला आलेल्या पोलीस जमादाराचा आवाज आला. "मंग तुमी बसा न बाहेर, जगदेवराव. तुमाले कायले इटाळ? मी पाहून येतो."

बंजाऱ्यांच्या त्या तांड्याच्या मधोमध नीम होता. त्याच्या बुंध्याशी दोन शिपायांमध्ये रुखमाबाईचा मुलगा हेमसिंग उभा होता, त्याचंच पागोटं सोडून त्याचे हात बांधलेले. शिरपूरला दर्शनाला आलेल्या एका शेठजीच्या बैलांच्या रेंगीतून चांदीचा पेला गेला होता. शेठजी मोठा माणूस, वरपर्यंत ओळख असलेला, आणि जमादाराला आठ दिवसांत पेला हजर करायचा होता. हेमसिंगनं मागच्या महिन्यात जमादाराच्या घोड्यासाठी फुकट वैरण वाहायला नकार दिला होता, हेही गावात सगळ्यांना ठाऊक होतं. पण त्या दोन गोष्टी एका वाक्यात कोणी बोलत नसे.

रुखमाबाई जगदेवच्या समोर आली. "पंच तुमीच न जी?"

"होय."

"मंग तुमी संगं जा. बाळंतिणीले आमी पडद्यामागं बसवतो. पन त्यायले एकल्याले आत जाऊ देऊ नका."

"माह्या घरी देव हाय, बाई. भजन हाय. मले सोयर चालत नाही."

"मंग दारात तरी उभे राहा, भाऊ. दारातून दिसते."

दारातून दिसलं असतं. एका खणाचं घर ते. पण जगदेवनं पाहिलं ते जमादाराकडे, आणि जमादारानं नुसतं हसून दाखवलं, शहाण्या माणसानं शहाण्याकडे पाहून हसावं तसं. मग जगदेव नीमाकडे वळला. घराच्या वळचणीला वाळत घातलेली आरशांची गोधडी रुखमाबाईनं ओढून आणली आणि त्याच्यासाठी खाली अंथरली. पाहुण्याला भुईवर बसवायची रीत तांड्यातही नव्हती.

बसताना त्याची पाठ दाराकडे झाली. सावली त्याच बाजूला होती.

दुसरे पंच इंद्रभान. त्यांना कानानं कमी ऐकू येई, आणि जगदेव बसला की ते बसत, जगदेव उठला की उठत. ते शेजारी टेकले. वैशाखाचं ऊन असं होतं की तांड्यातली कुत्रीसुद्धा माठाखालच्या ओलीत पोट टेकून पडली होती. आणि जमादाराच्या अंगावर गरम कोट होता. लोकरीचा, गळ्यापर्यंत गुंड्या लावलेला. जगदेवला तो सकाळी गावातून निघतानाच दिसला होता. दिसला, आणि त्यानं डोळे दुसरीकडे नेले होते.

पेला निघायला फार वेळ लागला नाही. जमादार बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात पेला होता आणि कोटाच्या गुंड्या सुटलेल्या होत्या.

गुडघ्यावर पाटी ठेवून ठाण्याच्या मुन्शीनं पंचनामा लिहिला. 'आम्ही खाली सह्या करणारे पंच, आमच्या समक्ष घराची झडती घेतली असता…' इंद्रभाननं अंगठा दिला. जगदेवनं सही केली. त्याची सही गावात नावाजलेली होती. चार बुकं शिकलेला तो एकटा, आणि 'जगदेव' मधल्या शेवटच्या अक्षराची शेपटी तो अशी वळवून आणी की ओळीखाली आपोआप एक रेघ पडे.

"काका," बांधलेल्या हातांचा हेमसिंग म्हणाला, "तुमी पाह्यलं?"

जगदेव कागदावरची शाई फुंकून वाळवत होता. फुंकर जरा जास्तच वेळ चालली.

घरी आल्यावर बायको प्रयागबाई तांब्या घेऊन अंगणात उभी होती. तांड्यात बाळंतपण झाल्याचं तिच्या कानावर आलं होतं.

"आत गेलते काय?"

"छट्. बाहीर बसलो. उंबरठाबी नाही शिवला," तो म्हणाला, आणि हे सांगताना त्याची मान चांगली ताठ होती.

*

दीड महिन्यानं वाशीमच्या कोर्टातून समन्स आलं. इंद्रभानचा कान पाहता साक्षीला जगदेवच उभा राहणार होता. त्यात नवं काही नव्हतं. दहा-बारा वर्षांत तो कितीदा तरी उभा राहिला होता. ठाण्यात गेला की त्याला स्टूल मिळे, जमादार बदलले तरी नवा जमादार पहिल्याच आठवड्यात विचारी, ते सहीवाले जगदेवराव कोणते. कोर्टात वकील विचारत, सही तुमची का. तो म्हणे, माझीच. मग त्याला जायला सांगत.

या वेळी मात्र जमादार स्वतः घरी आला.

"तांड्याच्या बाजूनं ज्ञानचंद वकील उभा राह्यला हाय. म्हातारी त्याच्या घरी सरपण टाकते. तो घरातलं विचारन तुमाले. काय कुठं होतं, थे."

"मी तं बाहीर होतो."

"होते न. म्हनून तं सांगाले आलो." जमादारानं ओसरीवर बोटानं चौकोन काढला. "हे दार. हे पाहा, डाव्या हाताले चूल…"

जगदेवला कोरडं काही पाठ होत नसे. लहानपणापासूनची खोड ती. पाढे त्यानं चालीवर पाठ केले होते, सोयऱ्या-धायऱ्यांची नावं चालीवर, गुरुवारच्या भजनातली शंभरावर पदं तर चालीवरच. जमादार गेल्यावर तो तोंडातल्या तोंडात पुटपुटत बसला, आणि सांजेपर्यंत त्या न पाहिलेल्या घराची ओवी होऊन गेली.

डाव्या हाता चूल, उजव्या हाता माठ,
समोरच्या भिंतीपाशी ठेवलाय पाट.
कोपऱ्यात कणगी, लिंपली शेणानं,
तिच्यामागून पेला काढला जमादारानं.

चांगली झाली होती ओवी. चाल सोपी, यमक बसलेलं. कोर्टाच्या दिवशी पहाटे प्रयागबाई दळायला बसली तेव्हा अंथरुणात पडल्यापडल्या तो तीच घोळत होता, आणि जात्याच्या लयीनं त्याचा आवाज नकळत उघडा झाला.

जातं थांबलं.

"कोनाचं घर हे?"

"तांड्यातलं. साक्षीचं हाय."

"तुमी तं आत गेलेच नव्हते."

"कोर्टाचं येगळं रायते. तुले नाही समजत त्यातलं."

प्रयागबाईनं मूठभर ज्वारी जात्याच्या तोंडात सोडली आणि खुंटा धरला. रोज दळताना ती गायची. त्या दिवशी नुसतं जातं फिरत राहिलं, आणि त्या घरघरीत जगदेवला आपला आवाज फार मोठा वाटू लागला. तो उठून तोंड धुवायला गेला.

*

कोर्टात पंखा ओढणारा माणूस पेंगत होता. जगदेवनं शपथ घेतली, आणि डाव्या बाजूला पाहायचं नाही असं त्यानं ठरवलं, कारण डाव्या बाजूला पिंजऱ्यात हेमसिंग होता. उजव्या बाजूला दाराशी रुखमाबाई भिंतीला टेकून उभी होती, तिच्यामागं तिची सून, कुशीत फडक्याचं गाठोडं धरून. म्हणून त्यानं समोर मॅजिस्ट्रेटसाहेबांच्या दौतीकडे नजर लावली.

ज्ञानचंद वकील उठले. बारीक अंगाचा, शांत आवाजाचा माणूस. हातात एक लांब घडीचा कागद होता, तो त्यांनी अजून उघडला नव्हता.

"जगदेवराव, सरकारनं झडतीला पंच कशासाठी ठेवलाय, सांगता?"

"सही कराले."

मागं कोणी तरी हसलं. मुन्शीही मिशीत हसला.

"नाही जी," वकील म्हणाले, आणि ते हसले नाहीत. "शिपायाच्या हाताकडे पाहायला. शिपाई सरकारचा, पंच गावाचा. बरं. तुम्ही घरात गेलात. काय काय होतं आत?"

"डाव्या हाताले चूल. उजव्या हाताले माठ. समोरच्या भितीपाशी पाट. कोपऱ्यात कनगी, शेनानं लिपलेली. तिच्यामागून पेला काढला जमादारानं."

"छान. पुन्हा एकदा सांगा."

त्यानं पुन्हा सांगितलं. तेच शब्द, त्याच क्रमानं, आणि 'माठ' नंतर तोच श्वास. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी लिहिता लिहिता मान वर केली.

"आता उलटे या. कणगीपाशी उभे आहात असं समजा, आणि दाराकडे चालत या. आधी काय लागेल?"

जगदेवनं तोंड उघडलं. कणगी. कणगीच्या आधी… त्याचे ओठ हलले, आणि 'डाव्या हाता चूल' पासून ओवी पुन्हा सुरू झाली. ओवीला उलटं चालता येत नाही. आता हसणारे पुष्कळ होते.

"राहू द्या," वकील म्हणाले. "एकच सांगा. कणगीच्या वर, छपराच्या एका मेढीपासून दुसऱ्या मेढीला दोर बांधला होता. त्या दोराला काय होतं?"

दोर. जमादारानं दोराचं काही सांगितलं नव्हतं. त्यानं शोधलं, माठ, पाट, शेण सगळं हाताला लागत होतं, दोर कुठं लागत नव्हता. सगळं कोर्ट त्याच्या तोंडाकडे पाहत होतं. भजनात कधी असा अडकला तर मागचा कोणी तरी हळूच पुढचा शब्द देई, आणि मृदंग थांबायच्या आत पद पुन्हा वाहू लागे.

"झोळी, भाऊ," दाराशी रुखमाबाई म्हणाली. अगदी हळू, अगदी त्याच आवाजात. "लेकराची झोळी होती."

"चूप, बाई," शिपाई ओरडला.

ती ओढणीआड गेली. तिला कोर्टातलं काय कळलं होतं, काय नव्हतं, कोण जाणे. आपल्या दारी येऊन बसलेला एक माणूस चारचौघांत अडला होता, तेवढं तिला पाहवलं नसावं.

झोळी. ज्या लेकराच्या विटाळानं त्यानं पाय मागं घेतला होता, तेच त्यानं सांगितलेल्या घरात नव्हतं. त्याच्या ओवीतल्या घरात चूल होती, माठ होता, माणूस कुठंच नव्हता. जगदेवनं साक्षीच्या पिंजऱ्याचा कठडा धरला. कठडा हातांच्या घामानं गुळगुळीत झालेला होता; किती जणांनी तो असा धरला असेल.

"मी आत नाही गेलो, साहेब," तो म्हणाला.

पंखा ओढणारा जागा झाला.

"काय म्हणालात?" मॅजिस्ट्रेटसाहेब.

"घरात सोयर होतं. मी नीमाखाली बसलो होतो. दाराकडे पाठ करून. म्हातारीनं म्हटलं होतं, दारात तरी उभे राहा. तितंबी नाही उभा राह्यलो."

"मग तुम्ही पाहिलं तरी काय?"

"कोट," जगदेव म्हणाला. "जमादारानं गरम कोट घातला होता. वैशाखात. आत जातानी गुंड्या लावल्या होत्या, येतानी सुटल्या होत्या. थे मी पाह्यलं. अन् सही केली."

ज्ञानचंद वकिलांनी हातातला कागद न उघडताच खिशात घातला आणि खाली बसले.

*

दुपार कलायच्या आत हेमसिंग सुटला. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी जगदेवला खोट्या सहीबद्दल चार कडक शब्द सुनावले, आणि मग म्हणाले की उशिरा का होईना खरं बोलायची हिंमत केलीत, त्याची कोर्ट नोंद घेतं. जमादार त्याच्या बाजूनं गेला तो त्याच्याकडे न पाहता. हे त्याला सोसलं असतं.

सोसवलं नाही ते बाकीच्यांचं. कोर्टाच्या आवारात लोक जमले. कोणी पान पुढं केलं, कोणी पाठीवर हात ठेवला. "खरा पंच हो जगदेवराव," एक अनोळखी माणूस म्हणाला. "असा एक जरी गावात असला तं जमादाराची काय टाप." जगदेव पान हातात घेऊन उभा राहिला. ते तोंडात घालावं की टाकून द्यावं त्याला समजेना.

गर्दीतून रुखमाबाई आली. तिनं सुनेच्या कुशीतलं लेकरू घेतलं आणि त्याच्यासमोर धरलं. काजळ लावलेलं, झोपेत ओठ चोखणारं, एवढंसं.

"हात ठेवा जी याच्या डोक्यावर. तुमच्यानं याचा बाप आला घरी."

जगदेवनं दोन्ही हात मागं नेले.

"हात उष्टे हायत माहे," तो म्हणाला. पान तर अजून तसंच होतं, चुरगळलेलं.

"असू द्या जी," म्हातारी म्हणाली. ती थांबली होती, आणि ती थांबून राहीलच असं दिसत होतं. मग त्यानं एक बोट पुढं केलं, टाळूवर टेकवलं न टेकवलं, आणि गर्दीतून वाट काढत कचेरीच्या मागच्या पायऱ्यांकडे निघून गेला.

तिथं ज्ञानचंद वकील गळ्यातली पांढरी पट्टी सोडत उभे होते.

"वकीलसाहेब. थो कागद कायचा होता?"

"कोणता? अच्छा, तो." वकिलांनी खिशावर हात ठेवला. "तुम्ही खरं बोलला नसता तर काढणार होतो. दहा-अकरा वर्षांत तुम्ही कुठं कुठं पंच होता त्याची यादी. पोलिसांचा ठरलेला पंच आहे, असं दाखवायला. आता गरज नाही. घरी जा, जगदेवराव. आज चांगलं काम झालं तुमच्या हातून."

"वाचून दाखवा."

"कशाला उगीच?"

"चष्मा घरी राह्यला. वाचा."

वकिलांनी घडी उलगडली, थोड्या हौसेनं, थोडं उपकार केल्यासारखं. "एकोणीस आहेत. पहिला, सेवादास, मंगरूळपीरच्या वाटेवरचा तांडा. घरझडती, कुऱ्हाड सापडली."

जगदेवनं डोळे मिटले. "खळ्यात बसलो होतो. ऊन होतं लई."

वकिलांनी वर पाहिलं, पुन्हा खाली. "गोजराबाई. दारूची हंडी."

"तिच्या घरी सुतक होतं. बाहीरच होतो."

"नानाजी. तुमच्याच गावचे ना? शेताच्या बांधाचं भांडण, विळा."

"नानाजीच्या घरी गेलो होतो आत. त्यानं च्या केला होता. आमच्यातलाच थो."

"मोहनसिंग. अनसिंगच्या बाजाराजवळची झोपडी. कापडाचे तागे."

"त्या घराले दार होतं का नव्हतं, थेबी याद नाही," जगदेव म्हणाला. "यातले कोनी आत हायत, अजून?"

"असतील दोघं-तिघं तुरुंगात. पाहावं लागेल." वकिलांचा आवाज आता कोर्टातल्यासारखा राहिला नव्हता. "जगदेवराव, तुम्ही हे जे बोलताय ते मी ऐकलं नाही असंही होऊ शकतं. साहेबांनी आज तुम्हाला सोडलंय. उद्या सोडतील असं नाही."

पायऱ्यांच्या पलीकडे लोक पांगत होते. कोणी तरी त्याच्या नावानं हाक मारली, गावाकडे जाणारी रेंगी जुंपली होती. जगदेवनं तिकडे मान वळवली नाही.

ज्ञानचंद वकिलांनी काळ्या कोटाचा घोळ सावरला आणि ते पायरीच्या धुळीत खाली बसले. कागद मांडीवर पसरला. वरच्या खिशातून पेन्सिल काढून तिचं टोक त्यांनी अंगठ्याला लावून पाहिलं.

"पुढचं," जगदेव म्हणाला.